साडेबाराची रेघ



 देवास-धारच्या या व्याख्यानमालेत तुम्ही संतसाहित्य ऐकले, पवार राजघराण्याचा इतिहास ऐकला, कुमार गंधर्वांच्या गायकीवर तर किती वेळा ऐकले असेल! आज मात्र तळहातावर मावेल अशा एका यंत्राबद्दल ऐकायला तुम्ही आला आहात. संयोजकांना 'रक्तदान श्रेष्ठदान' या धर्तीचे काही अपेक्षित असावे. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगले बोलतात. मला बोलायचे आहे ते दानाच्या आधीच्या दोन मिनिटांबद्दल.

ती दोन मिनिटे तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहेत. शिबिरात नाव नोंदवून झाले, वजन झाले, रक्तदाब झाला. मग एक टेबल. तिथे बोट टोचतात, थेंब घेतात, आणि उत्तर मिळते. एकतर "चला, आत जाऊन झोपा", नाहीतर "ताई, तुमचं एचबी कमी आहे, पुढच्या वेळी या." हा निकाल कोण देते? टोचणारा तंत्रज्ञ? मागे बसलेले डॉक्टर? खरे सांगायचे तर निकाल देते ती एक बाटली किंवा एक यंत्र. आणि ही सगळी साधने चुकतात. महागडी चुकतात, स्वस्तही चुकतात. म्हणून यंत्राची परीक्षा घ्यायची म्हणजे ते चुकते का हे विचारत बसायचे नसते. ते कुणाच्या बाबतीत चुकते आणि त्या चुकीचा भार कुणावर पडतो, हे विचारायचे असते. आज मी एवढेच सांगणार आहे, पण ते सांगायला तासभर लागेल.

आधी नियम. आपल्या देशात रक्तदात्याचे एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, शंभर मिलिलिटर रक्तात किमान १२.५ ग्रॅम असावे लागते. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो. दोन दानांमध्ये पुरुषाने ९० दिवसांचे आणि स्त्रीने १२० दिवसांचे अंतर ठेवायचे. स्त्रियांसाठीचे हे वाढीव अंतर २०२० च्या दुरुस्तीने आले. साडेबाराची ही रेघ मात्र स्त्री-पुरुष दोघांना एकच. ती लक्षात ठेवा, तिच्याकडे मी परत येणार आहे.

रेघ कशासाठी? दोन माणसांसाठी. एक देणारा, एक घेणारा. हिशेब करून पाहा. ३५० मिलिलिटरच्या पिशवीत, दात्याचे हिमोग्लोबिन १५ असेल तर बावन्न-त्रेपन्न ग्रॅम हिमोग्लोबिन जाते. दाता साडेदहाचा असेल तर सदतीसच्या आतच. पिशवी तेवढीच, लेबल तेच, पण प्रसूतीत रक्त गेलेल्या बाईला मिळणारा माल तीस टक्क्यांनी कमी. आणि देणाऱ्याकडून काय जाते? साडेबाराच्या दात्याच्या एका पिशवीबरोबर दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास लोह जाते. आपले शरीर रोजच्या अन्नातून एक-दोन मिलिग्रॅम लोह शोषते. म्हणजे भरपाईला महिने लागतात. ज्याच्याकडे मुळात शिल्लक नाही त्याच्याकडून घेतले, तर आपण दान घेतले की उसनवारी केली?

आता साधने. विल्यम गॉवर्स यांनी १८७८ मध्ये रंग जुळवून हिमोग्लोबिन मोजायची नळी केली. १९०२ मध्ये बर्नच्या हर्मान साली यांनी तिची सुधारित आवृत्ती आणली. रक्तात सौम्य आम्ल घालायचे, ते तपकिरी होते, मग पाणी घालत घालत शेजारच्या काचेशी रंग जुळवायचा. आपल्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत या सालींनी कित्येक दशके राज्य केले. सकाळच्या उजेडात एक आकडा, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली दुसरा. तरुण डोळ्यांना एक, चष्मा विसरलेल्या डोळ्यांना दुसरा.

रक्तदान शिबिरांत मात्र मोरचुदाचा अंमल होता, आणि पुष्कळ ठिकाणी अजून आहे. हो, द्राक्षांवर बोर्डो मिश्रण फवारतात त्यातलेच मोरचूद. इथे आपण त्याला नीला थोथा म्हणतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रॉबर्ट फिलिप्स, डोनाल्ड व्हॅन स्लाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत बसवली. मोरचुदाचे द्रावण १.०५३ घनतेचे करायचे. त्यात रक्ताचा थेंब सोडला की थेंबाभोवती क्षणात एक पापुद्रा धरतो आणि पंधरा सेकंद तरी आतले रक्त जसेच्या तसे राहते. तेवढ्यात थेंब तळाला गेला तर दाता पास, तरंगत राहिला किंवा वर आला तर नापास. वीज नको, बॅटरी नको, खर्च काही पैशांचा. (हेच फिलिप्स पुढे कॉलऱ्याच्या साथीत हेच निळे पाणी घेऊन गेले, रोग्याच्या अंगातले पाणी किती आटले ते मोजायला. असे शास्त्रज्ञ मला फार आवडतात.)

मोरचुदाला नावे ठेवणे सोपे आहे. ते आकडा सांगत नाही, फक्त हो किंवा नाही म्हणते. बाटली उघडी राहिली की पाणी उडते, द्रावण घट्ट होते आणि चांगले दाते नापास व्हायला लागतात. थेंबात हवेचा बुडबुडा आला तरी थेंब तरंगतो. एका बाटलीत पंचवीस थेंब झाले की द्रावण बदलायला हवे, आणि शिबिराच्या गर्दीत ते मोजतो कोण? पण एक गोष्ट त्याच्या बाजूने बोललीच पाहिजे. नीट वापरले तर मोरचुदाची चूक बहुधा एकाच दिशेने होते: चांगल्याला परत पाठवते, कमी असलेल्याला क्वचितच आत सोडते. म्हणून काही रक्तपेढ्या शहाणपणा करतात. पहिली चाचणी मोरचुदाची, आणि नापास झालेल्यांची फेरतपासणी यंत्रावर. खर्च वाचतो, दातेही वाचतात.

मग १९८२ मध्ये स्वीडनमधून हिमोक्यू आले. प्लॅस्टिकची एक चपटी क्युव्हेट, दहा मायक्रोलिटरचा थेंब ती स्वतःच ओढून घेते, आतल्या रसायनात रक्तपेशी फुटतात, यंत्र दोन तरंगलांबींवर प्रकाश पाडते आणि मिनिटभरात आकडा देते. पुढे रसायनाशिवाय चालणाऱ्या क्युव्हेटचे रूपही आले. आपल्याकडे पट्टीवर चालणारी देशी यंत्रे निघाली. मुंबईच्या बायोसेन्सने तर सुई न टोचता, बोटावर चिमटा लावून मोजायचा घाट घातला. आज बाजारात इतकी यंत्रे आहेत की खरेदी समितीला भोवळ यावी.

आणि इथेच तुमच्या गावाचा इतिहास मला उपयोगी पडतो. देवास म्हणजे एका गावात दोन संस्थाने. थोरली पाती आणि धाकटी पाती, दोन गाद्या, दोन दरबार, दोन कारभार. इकडचा हुकूम तिकडे चालत नसे. १९४८ साली दोन्ही मध्य भारतात विलीन झाली आणि ती कटकट मिटली. रक्तदात्याची मात्र मिटलेली नाही. तोच माणूस, तेच बोट, तीच सकाळ. मोरचुदाच्या हद्दीत तो पास, यंत्राच्या हद्दीत नापास. खरा हुकूम कुणाचा?

पहिला मुद्दा हाच: मोजायचे कशाशी? परीक्षा घ्यायची तर उत्तरपत्रिका तपासायला बरोबर उत्तर हवे. १९६७ पासून आंतरराष्ट्रीय मान्यता आहे ती सायनमेटहिमोग्लोबिन पद्धतीला. व्यवहारात आपण शिरेतून रक्त काढतो आणि प्रयोगशाळेतल्या मोठ्या, रोज तपासून घेतलेल्या स्वयंचलित यंत्रावर लावतो. पण इथे बऱ्याच परीक्षकांचा घोळ होतो. लहान यंत्रावर बोटातले रक्त, मोठ्या यंत्रावर शिरेतले रक्त, आणि मग म्हणायचे की फरक यंत्राचा! अहो, दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर फरक यंत्राचा की बोटाचा हे कसे कळणार? नीट परीक्षा घेणारा शिरेतले एकच रक्त दोन्हीकडे लावतो. त्याने यंत्र कळते. मग बोटातले रक्त लहान यंत्रावर लावतो. त्याने शिबिर कळते.

कंपनीचा प्रतिनिधी आला की एक चकचकीत कागद दाखवतो. त्यावर लिहिलेले असते, सहसंबंध ०.९५. समितीतले सगळे माना डोलावतात. या आकड्याला भुलू नका. समजा एक यंत्र प्रत्येक माणसाला बरोबर एक ग्रॅम जास्त दाखवते. बाराला तेरा, चौदाला पंधरा. त्याचा सहसंबंध किती? पूर्ण एक! आणि तरी ते यंत्र साडेअकरावाल्या प्रत्येकाला साडेबारा म्हणून आत सोडेल. ब्लँड आणि ऑल्टमन या दोन ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हेच दाखवून दिले. दोन मोजमापांतला फरक थेट पाहा, सरासरी किती आणि पसारा किती. आज जवळपास चाळीस वर्षांनीही तो चकचकीत कागद फिरतोच आहे.

दुसरा मुद्दा सरासरीच्याही पुढचा आहे. रक्तदात्याच्या बाबतीत सगळा खेळ रेघेजवळ चालतो. सोळा ग्रॅमच्या माणसाला यंत्राने पंधरा म्हटले, काय बिघडले? आठ ग्रॅमच्या बाईला नऊ म्हटले, तरी ती परतच जाणार. प्रश्न आहे बारा ते तेराच्या मधल्या माणसांचा. आणि आपल्याकडे, विशेषतः बायकांमध्ये, ही गर्दी नेमकी तिथेच असते.

आता थोडे गणित. आकडे मी हिशेबापुरते धरलेले आहेत. एक यंत्र घ्या. खरोखर कमी असलेल्या शंभरांपैकी नव्वदांना ते पकडते, आणि चांगल्या शंभरांपैकी पाचांना उगाच नापास करते. बरे यंत्र आहे. ते घेऊन देवासच्या औद्योगिक वसाहतीत शिबिर लावले. किर्लोस्करांच्या पंपांच्या कारखान्यासारखी जागा, दोनशे दाते, बहुतेक पुरुष. त्यांतले वीस खरोखर कमी. यंत्र अठरांना पकडते, आणि एकशे ऐंशी चांगल्यांपैकी नऊ जणांना उगाच परत पाठवते. परत गेले सत्तावीस, त्यांतला दर तिसरा विनाकारण. आत आलेले एकशे त्र्याहत्तर, त्यांत कमी असलेले फक्त दोन.

तेच यंत्र, तीच पेटी, तोच तंत्रज्ञ धार जिल्ह्यात कुक्षीकडच्या एखाद्या महाविद्यालयात न्या. दोनशे मुली, त्यांतल्या शंभर खरोखर कमी. यंत्र नव्वदांना पकडते, दहा निसटतात. पाच जणींना उगाच परत पाठवते. आत आल्या एकशे पाच, त्यांतल्या दहा जणींचे रक्त आपण घ्यायला नको होते! कारखान्यात शंभराला एक, इथे दहाला एक. यंत्रात एका स्क्रूचाही फरक पडलेला नाही. म्हणून कुणी मला विचारले की हे यंत्र चांगले आहे का, तर मी उलट विचारतो, कुठे नेणार?

इथे एक कडू गोष्ट. यंत्राला परीक्षेत पास-नापास करणारे आपण, शिबिरात त्याच्याशी वागतो कसे? मंडपाबाहेर फलक लागलेला असतो, अमुक साहेबांच्या वाढदिवसानिमित्त १०१ पिशव्यांचा संकल्प. दुपार होते, सत्तर झालेल्या असतात. मग बारा पूर्णांक दोन आलेल्या मुलाचे दुसरे बोट टोचले जाते. बारा पूर्णांक चार. "तिसरं बघ रे." बारा पूर्णांक सहा! टाळ्या. सज्जनहो, प्रत्येक यंत्राचा आकडा थोडा मागेपुढे होतोच. पास होईपर्यंत मोजत राहिलात तर रेघेखालचे पुष्कळ जण कधीतरी पास होणारच. आणि चौदा आलेल्याला कुणी परत टोचत नाही! फेरतपासणी करायची तर नियम आधी ठरवा, आणि तो फलकाकडे न बघता पाळा.

तिसरा मुद्दा बोटाचा आणि हवेचा, आणि मला तो सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो.

यंत्राची चाचणी जिथे होते तिथे खोली थंड असते, तंत्रज्ञ कसलेला असतो आणि बोट मऊ असते. मनावर-गंधवानीकडे बोट कसे असते? कापूस वेचून, मिरची तोडून, विळा धरून घट्टे पडलेले. टोचायची सुई वरच्यावर राहते, थेंब येत नाही. मग बोट पिळतात. पिळले की रक्तात ऊतींमधले पाणी मिसळते, आणि आकडा खाली येतो. पहिला थेंब पुसायचा असतो, तो घाईत पुसला जात नाही. बोट स्पिरिटने पुसले आणि वाळू दिले नाही, तरी आकड्यात गडबड. म्हणजे जो अंगमेहनत करतो त्याच्या बाबतीत यंत्र चुकण्याची शक्यता जास्त, आणि चूक त्याच्याच विरुद्ध. न टोचणाऱ्या यंत्रांची गंमत आणखी वेगळी. ती कातडीतून प्रकाश पाठवतात. बोटावर मेंदी आहे का, नखाला रंग आहे का, हात गार पडले आहेत का, कातडी सावळी आहे का? कोविडच्या काळात, २०२० मध्ये अमेरिकेत दिसून आले की ऑक्सिजन मोजणारी चिमट्याची यंत्रे काळ्या रुग्णांमधली ऑक्सिजनची कमतरता गोऱ्यांच्या मानाने जास्त वेळा चुकवत होती. तोच प्रकाश, तेच बोट. मग हिमोग्लोबिनच्या चिमट्याची परीक्षा आपल्या हातांवर नको का?

आणि उन्हाळा. निमाडाच्या बाजूला मे महिन्यात पारा चव्वेचाळिसाच्या घरात जातो. काही प्रचलित यंत्रांसाठी उत्पादकाने सांगितलेली मर्यादा तीस अंशांची, काहींची चाळीस. शिबिराचा मंडप पत्र्याखाली, कूलर पाहुण्यांच्या खुर्च्यांकडे तोंड करून. रसायनाच्या क्युव्हेटचा डबा एकदा उघडला की ती तीन महिन्यांत वापरायची, आणि डबा घट्ट बंद ठेवायचा, कारण दमट हवा लागली की आतले रसायन बिघडते. पावसाळ्यात झाकण उघडे राहिलेला डबा मी पाहिला आहे. कुठे, ते विचारू नका.

तुम्ही म्हणाल, डॉक्टर, दोन मिनिटांच्या चाचणीचा एवढा कीस कशाला? तर मग देशाच्या आकड्यांकडे बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया आणि २५ टक्के पुरुष रक्तक्षयी निघाले. ते मोजले होते बोटातल्या थेंबावर, अशाच एका लहान यंत्राने. त्याआधी २०१६-१८ च्या बालपोषण सर्वेक्षणात शिरेतले रक्त मोठ्या यंत्रावर लावले, तर मुलांमधला रक्तक्षय बराच कमी दिसला. वाद पेटला. शेवटी पुढच्या कुटुंब सर्वेक्षणातून ही चाचणीच वगळली आणि शिरेतल्या रक्तावर वेगळी पाहणी आखली. देशाच्या धोरणाचा आकडा बोट की शीर यावर हलतो, तर कुक्षीच्या एका मुलीचा निकाल हलणार नाही?

धारमधल्या मंडळींना आणखी एक सांगायला हवे. तुमच्या जिल्ह्यात भिल्ल-भिलाला समाजात सिकलसेल आहे. २०२३ च्या जुलैत शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी मध्य प्रदेशातले एक कोटीवे तपासणी-पत्र धार जिल्ह्यातच दिले गेले. पण आपले हे लहान यंत्र हिमोग्लोबिन किती ते सांगते, कोणते ते सांगत नाही. सिकलसेलचा वाहक चौदा ग्रॅम घेऊन आरामात पास होतो. त्याचे रक्त बहुतेकांना चालते. पण नवजात बाळाला किंवा सिकलसेलच्याच रोग्याला ते देऊ नये, आणि पांढऱ्या पेशी गाळायच्या गाळणीत ते अडकते. त्यासाठी वेगळी चाचणी हवी. चांगल्या आकड्याने या जिल्ह्यात निर्धास्त होऊ नका.

चौथा मुद्दा खरेदीचा. तो थोडक्यात, कारण त्यावर बोललो की माझाच रक्तदाब वाढतो. यंत्र स्वस्त मिळते, कधी फुकटही. खर्च आहे तो क्युव्हेटचा आणि पट्ट्यांचा, दर माणशी, दर थेंबाला. आणि त्या त्याच कंपनीच्या लागतात. निविदा मात्र यंत्राच्या किमतीवर निघते. वर्षभरात पट्ट्या संपतात, पुरवठा थांबतो, यंत्र कपाटात जाते आणि मोरचुदाची बाटली परत टेबलावर येते. निविदेत हजार चाचण्यांचा खर्च मागा, रोजच्या तपासणीचे प्रमाण द्रावण मागा, आणि चाचणी धारमध्ये, मे महिन्यात, तुमच्याच तंत्रज्ञांच्या हातून करून दाखवा अशी अट घाला. बघा किती निविदा उरतात!

आता त्या रेघेकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने पुरुषाचे हिमोग्लोबिन तेराच्या खाली गेले तर रक्तक्षय, आणि गरोदर नसलेल्या स्त्रीचे बाराच्या खाली गेले तर. आपली रेघ दोघांना साडेबारा. म्हणजे बारा पूर्णांक तीनची पूर्ण निरोगी बाई परत जाते, आणि बारा पूर्णांक सातचा सौम्य रक्तक्षयी पुरुष आत येऊन झोपतो. अमेरिकेने २०१६ पासून पुरुषांची रेघ तेरावर नेली. युरोपात पुरुषांना साडेतेरा, स्त्रियांना साडेबारा. आपल्याकडे बहुतेक शिबिरांत शंभर दात्यांत दहासुद्धा बायका नसतात, आणि आपण सगळे सुस्कारा सोडतो की बायका पुढे येत नाहीत. येतात हो! टेबलापर्यंत येतात, बोट पुढे करतात, आणि परत जातात. स्त्रीची रेघ सरळ खाली आणा असे मी म्हणत नाही. तिच्याकडची लोहाची शिल्लक मुळात कमी असते, हेही खरे. पण पुरुषांची रेघ तेरावर न्यायला काय हरकत आहे? रक्त कमी पडेल ही भीती असेल, तर ती भीती उघड मांडा. सौम्य रक्तक्षयी पुरुषांचे रक्त आपल्याला हवे आहे, असे तरी म्हणा.

तुमच्या धारमध्ये लाट मशिदीजवळ लोखंडाचा जुना स्तंभ तीन तुकड्यांत पडलेला आहे. हजारएक वर्षांचे, टनावारी लोखंड. त्या गावात उभे राहून लोहाच्या कमतरतेवर बोलताना मला दरवेळी हसू येते आणि मग येईनासे होते.

परत पाठवलेल्या दात्याच्या हातात आपण काय देतो? काही नाही. "जेवणात पालक खा" एवढे तोंडी सांगतो. त्याला एक चिठ्ठी द्या. तिच्यावर आकडा लिहा, कोणत्या साधनाने मोजला ते लिहा, बोटातले रक्त की शिरेतले ते लिहा. शिरेतून पक्की तपासणी कुठे आणि किती वाजता होईल ते लिहा. खरोखर कमी निघाले तर गोळ्या कोण देणार आणि तीन महिन्यांनी परत कुणाकडे यायचे, तेही लिहा. आणि चिठ्ठीची एक प्रत रक्तपेढीत ठेवा. वर्षाअखेरीला त्या प्रती मांडून बसलात, की तुमच्या जिल्ह्यात तुमचे यंत्र कुणाला किती वेळा चुकीचे परत पाठवते, हे कुठल्याही कंपनीच्या कागदाशिवाय कळेल. देवास आणि धारच्या रक्तपेढ्यांनी हे येत्या उन्हाळ्यात सुरू करावे, अशी माझी विनंती आहे. संबंधित मंडळी पहिल्या रांगेत बसलेली आहेत, म्हणून मुद्दाम मंचावरून म्हणतो.

मी थांबतो. कुणाला काही विचारायचे असेल तर विचारा. रक्तपेढीच्या तंत्रज्ञांनी आधी विचारावे.